पेशीशास्त्रात संशोधन करायचंय, वाट नेमकी कुठून सुरू होते?

कृष्णाकाठची | ८ जुलै, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. मी एस.वाय.बी.एस्सी.ला आहे, प्राणीशास्त्र घेऊन. कॉलेज तालुक्याच्या गावाला, घरून एसटीने पाऊण तास. दहावीपर्यंत मराठी माध्यम.

गेल्या आठवड्यात प्रॅक्टिकलला कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड केली. वर्गात तीस जण आणि चालू सूक्ष्मदर्शक चार. माझा नंबर आला तेव्हा भिंगाखाली एक पेशी अशी सापडली की तिची गुणसूत्रं दोन टोकांना निघालेली आणि तिथेच थबकलेली. बाई म्हणाल्या, आकृती काढ आणि पुढच्याला जागा दे. जागा दिली, पण ते चित्र डोक्यातून जाईना. ती गुणसूत्रं ओढतं कोण? पुस्तकात लिहिलंय की स्पिंडलचे तंतू ओढतात. पण दोर स्वतःहून थोडाच ओढतो, पलीकडच्या टोकाला कुणीतरी लागतंच की.

त्या दिवसापासून मनाने घेतलंय की हेच करायचं. घरी बाबा म्हणतात बी.एड. कर, नाहीतर एमआयडीसीतल्या औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीला लाग. त्यांचं चुकतंय असं मला वाटत नाही, धाकट्या भावाचं शिक्षण अजून व्हायचंय. पण निदान वाट कशी असते ते तरी मला कळायला हवं. पेशीशास्त्राचा संशोधक व्हायचं तर काय शिकायचं, कुठे, किती वर्षं, आणि त्या काळात पोटाचं काय? कॉलेजात विचारावं असं कुणी नाही.

---

पेट्रीडिश | ८ जुलै, रात्री ११:१५

मी पुण्यात पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे, पेशी वाढवणं हेच रोजचं काम. आधी पोटाचं सांगते, कारण घरी तोच प्रश्न पहिला येतो. पीएचडीला नुसती फी भरत बसायचं नसतं, फेलोशिप असेल तर उलट दरमहा पैसे मिळतात. नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ ही फेलोशिप असेल तर जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, आणि घरभाडे भत्ता वेगळा. हा आकडा बाबांना जरूर सांग.

आता वाट. बी.एस्सी.नंतर एम.एस्सी., मग सीएसआयआरची नेट, डीबीटीची (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची) बेट, गेट यांपैकी एखादी परीक्षा आणि मुलाखत, हा रुळलेला रस्ता. दुसरा रस्ता बी.एस्सी.नंतर थेट इंटिग्रेटेड पीएचडीचा, म्हणजे एम.एस्सी. आणि पीएचडी एकत्र. आयसर पुणे आणि बेंगळुरूचं एनसीबीएस या संशोधन संस्थांत तो आहे. एनसीबीएस आणि मुंबईची टीआयएफआर यांची जीवशास्त्राची प्रवेश परीक्षा वेगळी असते. एम.एस्सी.च करायची असेल तर आयआयटीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा द्यायची. डीबीटीच्या मदतीने चालणाऱ्या बायोटेक्नॉलॉजीच्या अभ्यासक्रमांना गॅट-बी ही परीक्षा लागते आणि तिथे विद्यावेतनही मिळतं.

पण या सगळ्याच्या आधी एकदा कुठल्यातरी लॅबमध्ये दोन महिने उभी राहा. भारतीय विज्ञान अकादमी, इन्सा आणि नासी या तीन विज्ञान अकादम्यांची मिळून उन्हाळी फेलोशिप आहे, तिचा अर्ज भर. पेशी आवडतात की नुसती पेशींची चित्रं आवडतात, ते तिथेच कळतं.

---

गणितवेडा | ९ जुलै, सकाळी ७:४०

धाग्यावर धाग्याचीच चर्चा चाललीय म्हणून सांगतो. मायटोसिस (पेशीचं विभाजन) हा शब्द ग्रीकमधल्या 'मायटॉस'वरून आला आणि मायटॉस म्हणजे धागा. वाल्थर फ्लेमिंगने सॅलॅमँडरच्या पेशी रंगवून विभाजन टप्प्याटप्प्याने पाहिलं, १८८२ साली पुस्तक लिहिलं आणि हे नाव रूढ केलं. त्यामुळे ताई, धागा योग्य जागी उघडला आहेस!

---

माईसाहेब | ९ जुलै, दुपारी २:१०

माझी लेक बंगलोरला अशाच कामात आहे. पहिल्या वर्षी रात्री अकराला फोन करायची आणि म्हणायची, आई, पेशींना खायला घालायला चाललेय. आमच्या सासूबाई विचारायच्या, पाळण्यातली आहेत का गं, रात्रीचं उठून भरवायला? मी सांगायचे, हो, पाळणा ३७ अंशांवर ठेवलेला असतो. बाळ कृष्णाकाठची, आईवडिलांना एकदा लॅब दाखवायला ने. आम्ही जाऊन आलो आणि ह्यांची काळजी निम्मी झाली.

---

निवृत्त मास्तर | ९ जुलै, रात्री ८:३०

मी छत्तीस वर्षे वनस्पतीशास्त्र शिकवले, तुमच्यासारख्याच तालुक्याच्या कॉलेजात. 'कॉलेजात विचारावं असं कुणी नाही' हे वाक्य वाचून वाईट वाटले, म्हणून सविस्तर लिहितो.

कमल रणदिवे हे नाव तुम्ही ऐकले आहे का? जन्म पुण्याचा, १९१७ चा. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवायचे आणि मुलीने डॉक्टर व्हावे अशी त्यांची इच्छा. मुलगी वनस्पतीशास्त्राकडे वळली. एम.एस्सी.ला त्यांनी काम केले ते सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांवर. म्हणजे तुमच्यासारखीच सुरुवात, मुळे आणि कळ्या रंगवून गुणसूत्रे मोजण्याची. लग्नानंतर मुंबईला आल्या, डॉ. खानोलकरांच्या हाताखाली कर्करोगावर काम करू लागल्या आणि १९४९ साली पीएचडी झाल्या. नंतर बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शिकल्या. हेला या प्रसिद्ध कर्करोगपेशी १९५१ मध्ये पहिल्यांदा वाढवल्या गेल्या त्या गाय यांच्याच प्रयोगशाळेत. परत येऊन रणदिवेबाईंनी मुंबईत ऊतीसंवर्धनाची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली, त्या प्रकारची देशातली पहिली. सीताफळापासून कर्करोगापर्यंतचा हा रस्ता त्यांना विसाव्या वर्षी कुणी आखून दिला नव्हता. हाताशी असलेले काम त्यांनी चोख केले आणि त्यातून पुढचे दिसत गेले.

आता तुमच्यापुरते. कांदा घरीच आहे. काचेच्या पेल्यावर असा ठेवा की बूड जेमतेम पाण्याला टेकेल. तीन-चार दिवसांत मुळे येतात. सकाळी टोके कापा, दोन-तीन मिलिमीटरच. कॉलेजातून ॲसिटोकार्मिन हा रंग मागून घ्या. एका स्लाइडवरच्या पाचशे पेशी मोजा आणि कुठल्या टप्प्यात किती आहेत ते वहीत लिहा. पाचशे मोजून झाल्यावर सहाशेवी मोजावीशी वाटते का, ते मला कळवा.

---

घाटवाटा | १० जुलै, सकाळी ६:५५

मास्तर, सुंदर लिहिलंत. थोडं अवांतर करतो, पण विषयाला धरूनच. आम्ही पावसाळ्यात घाटात भटकतो तेव्हा कळलावी फुललेली दिसते. लाल-पिवळ्या ज्वाळांसारखं फूल, पाकळ्या वर उलटलेल्या. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं आणि ते जबर विषारी आहे. हेच कोल्चिसिन स्पिंडलचे तंतू बनूच देत नाही, त्यामुळे पेशी विभाजनाच्या मधोमध अडकून पडते. गुणसूत्रं मोजायला जगभर ते वापरतात. ताई, तुझ्या प्रश्नाची अर्धी किल्ली सह्याद्रीच्या कुंपणावर फुलते. हात मात्र लावू नकोस.

---

अर्ध्या वाटेवरून | १० जुलै, रात्री १०:२०

सगळे चांगलंच सांगताहेत, मी दुसरी बाजू मांडतो. मी तीन वर्षं करून पीएचडी सोडली. कुठे होतो ते सांगत नाही. विषय नावाजलेला होता, कर्करोगाच्या पेशी. मी विषयाच्या नावाकडे बघून गेलो. माझे मार्गदर्शक महिन्यातून एकदा भेटायचे आणि भेटले की विचारायचे, आकडे कुठे आहेत? फेलोशिप एकदा सात महिने आली नाही. मेसचे पैसे बहिणीने भरले.

वर पेशींना मायकोप्लाझ्माचा संसर्ग. हा जीव साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. माध्यम गढूळ होत नाही, पेशी मरतही नाहीत, फक्त वागणं बदलतं. पाच महिन्यांचे प्रयोग त्या पेशींवर झाल्यावर तपासणी केली आणि सगळं टाकून द्यावं लागलं. संसर्ग कुणालाही होतो. पण त्या दिवशी 'चल, परत सुरू करू' म्हणणारं माणूस लॅबमध्ये नव्हतं.

आता मी लस बनवणाऱ्या एका कंपनीत पेशींवरच्या चाचण्या करतो. समाधानी आहे. हात तेच, पेशी त्याच, पगार वेळेवर. म्हणून बाबांनी सांगितलेल्या क्यूसीच्या वाटेला कमी लेखू नकोस. आणि पीएचडीला गेलीसच तर लॅब निवडताना तिथल्या सीनियर मुलांशी एकटं गाठून बोल. विषय दुय्यम, माणसं आधी.

---

पेट्रीडिश | १० जुलै, रात्री ११:०५

@अर्ध्या वाटेवरून, हे लिहिलंत ते फार बरं झालं. मायकोप्लाझ्माची तपासणी आमच्याकडे दर महिन्याला होते आणि नवी मुलं तिला कंटाळतात. त्यांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवणार आहे.

'विषय दुय्यम' हे मात्र मला पटत नाही. माझे मार्गदर्शक देवमाणूस आहेत, तरी दुसऱ्या वर्षी आठ महिने माझा एकही प्रयोग लागला नाही. तेव्हा माणसांनी धीर दिला, पण रोज सकाळी लॅबमध्ये नेलं ते एका चित्राने. टाइमलॅप्सवर पाहिलं होतं मी ते. डिशला चिकटून पसरलेली चपटी पेशी हळूहळू पाय आवरते, मण्यासारखी गोल होते, आत गुणसूत्रं मधल्या रेषेवर येतात, क्षणभर थरथरतात आणि एकदम सुटतात. तासाभरात एकाच्या दोन. दोघी परत पसरून डिशला चिकटतात. ते मी शेकडो वेळा पाहिलंय आणि अजून मान वळत नाही.

---

ड्रेस्डेनकर | ११ जुलै, पहाटे ३:३०

इथे रात्र आहे, मायक्रोस्कोप चालू आहे, तोवर लिहितो.

कृष्णाकाठची, तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुझ्या कल्पनेपेक्षा चमत्कारिक आहे. ते तंतू म्हणजे मायक्रोट्यूब्यूल. ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या विटा रचून झालेली पोकळ नळी, जाडी २५ नॅनोमीटर. गुणसूत्रावर कायनेटोकोअर नावाची मूठ असते, ती नळीचं टोक धरते. मग त्या टोकाच्या विटा सुटायला लागतात, नळी आखूड होते, आणि मूठ विरघळत्या टोकाला धरूनच राहते. म्हणजे दोर जिथे धरलाय तिथेच तो विरत जातो आणि गुणसूत्र सरकतं. शिवाय डायनीन, कायनेसिन अशी चालणारी मोटर प्रथिनं असतात, तीही जोर लावतात. कायनेसिन १९८५ साली माखली (स्क्विड) या समुद्री जिवाच्या जाड चेतातंतूत सापडलं, आठ-आठ नॅनोमीटरची पावलं टाकतं. विरत्या टोकावरून मूठ निसटत कशी नाही, यावर आजही लोक आयुष्य घालवताहेत. तुझा प्रश्न जुना झालेला नाही.

भारतातही हे काम होतं. बेंगळुरूच्या जेएनसीएएसआर या संस्थेत कँडिडा या बुरशीच्या कायनेटोकोअरवर बरंच काम झालंय, आणि मुंबईत टीआयएफआरमध्ये मोटर प्रथिनांवर. त्यामुळे मला विचारशील तर 'पेशीशास्त्र कुठे शिकू' असं शोधू नकोस. 'गुणसूत्रं ओढतं कोण' यावर कोण काम करतंय ते शोध. त्यांचे दोन शोधनिबंध वाच. प्रीप्रिंट, म्हणजे छापण्याआधीचे निबंध, फुकट मिळतात. पहिला निबंध समजायला मला पंधरा दिवस लागले होते, तुलाही लागतील, लागू देत.

आणि गणित सोडू नकोस. २००९ मध्ये इथल्या संस्थेतल्या लोकांनी दाखवलं की कृमीच्या भ्रूणातले पी-ग्रॅन्यूल नावाचे पेशीतले बारीक कण द्रवाच्या थेंबांसारखे वागतात, एकमेकांत मिसळतात, ठिबकतात. त्या शोधनिबंधाचा पहिला लेखक मटेरियल सायन्समधून आलेला होता.

---

गणितवेडा | ११ जुलै, सकाळी ८:००

शेवटच्या परिच्छेदासाठी ड्रेस्डेनकरांना माझ्याकडून पुरणपोळी!

---

स्लाइडवाली | ११ जुलै, दुपारी १२:४५

मी पॅथॉलॉजिस्ट, जिल्ह्याच्या गावी. रोज शंभरेक स्लाइड पाहते. 'आत्ताच ठरव, नाहीतर उशीर' हे ओझं कृष्णाकाठचीवर कुणी टाकू नका. जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी आधी जिवाणूंवर काम करत होते, मग अमेरिकेत उंदरांच्या अंडपेशींवर, मग यीस्टवर. स्वतःची लॅब मिळाली १९८८ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी. तिथे त्यांनी यीस्टला उपाशी ठेवलं. रिक्तिकेतली पचनाची विकरं नसलेलं यीस्ट वापरलं आणि साध्या प्रकाश सूक्ष्मदर्शकाखाली पाहत बसले. काही तासांत रिक्तिका बारीक पुटिकांनी भरून गेल्या. पेशी स्वतःचेच भाग पचवायला आणत होती आणि पचन अडल्यामुळे ते साचले होते. २०१६ चं नोबेल त्या निरीक्षणातून उभं राहिलं.

आपण शाळेत 'रिक्तिका म्हणजे साठवणीची पोकळी' एवढंच पाठ केलं होतं.

---

कृष्णाकाठची | ११ जुलै, रात्री ९:३०

सगळ्यांचे प्रतिसाद बाबांना वाचून दाखवले. ३७,००० वर ते थांबले आणि म्हणाले, शिकायचे पैसे देतात? मग अर्ध्या वाटेवरून दादांचा प्रतिसाद स्वतः चष्मा लावून परत वाचला. म्हणाले, हा माणूस खरं बोलतोय, याचं ऐक.

दादा, सात महिने फेलोशिप आली नाही हे वाचून पोटात गोळा आला. तशी वेळ आली तर काय करायचं, याचा विचार आधीच करून ठेवणार आहे. मास्तर, पेल्यावर कांदा ठेवलाय. आई म्हणते, भाजीला घेऊ का!

---

अर्ध्या वाटेवरून | ११ जुलै, रात्री ९:४५

बाबांना माझा नमस्कार सांग.

---

निवृत्त मास्तर | १९ नोव्हेंबर, सायंकाळी ६:१५

धागा वर आणतो आहे. कृष्णाकाठची, कांद्याचे काय झाले?

---

कृष्णाकाठची | २० नोव्हेंबर, रात्री १०:४०

मास्तर, परीक्षा होती म्हणून गप्प होते. पण काम थांबलं नव्हतं.

तुम्ही म्हणालात तशा आधी पाचशे मोजल्या. पहिल्या तीन स्लाइड फुकट गेल्या, पेशी एकावर एक चढलेल्या. मग अंगठ्याने काच कशी दाबायची ते हाताला कळलं. सरळ दाबायचं, जराही सरकू द्यायचं नाही. बाईंनी शनिवारी लॅबची किल्ली दिली. मी स्वतःहून विचारलं नव्हतं तोवर त्यांना वाटत होतं की कुणालाच यात रस नाही.

मग घाटवाटा दादांच्या कळलावीवरून वाचत गेले तर कळलं की थंडीनेही हे तंतू सुटतात. कोल्चिसिन आमच्याकडे नाही, पण बर्फ आहे. मासेवाल्या मावशींकडून बर्फ आणला, थर्मासमध्ये पाणी आणि बर्फ घालून मुळं असलेला कांदा चोवीस तास त्यावर ठेवला. रात्री दोनदा उठून बर्फ बदलला.

साध्या मुळांत ६१२ पेशी मोजल्या. त्यांत मेटाफेजच्या (गुणसूत्रं मधल्या रेषेवर) ९ आणि ॲनाफेजच्या (दोन टोकांना निघालेली) ६. बर्फातल्या मुळांत ५८८ मोजल्या, तर मेटाफेजसारख्या २१ आणि ॲनाफेजची फक्त १. आणि त्या २१ मध्ये गुणसूत्रं मधल्या रेषेवर नव्हतीच. पेशीभर विस्कटलेली, मूठभर तीळ सांडल्यासारखी. बाईंना बोलावून दाखवलं. त्या बराच वेळ भिंगाला डोळा लावून होत्या.

---

ड्रेस्डेनकर | २१ नोव्हेंबर, पहाटे २:५०

तीळ सांडल्यासारखी! अगदी हेच दिसायला हवं. तंतू नाहीत, म्हणून रांग नाही आणि ओढही नाही. आता एक करायचं. हे सगळं कांदे बदलून अजून तीनदा करायचं, आणि मोजताना कुठली स्लाइड कशाची ते तुला माहीत नको. मैत्रिणीला नंबर टाकायला सांग.

---

पेट्रीडिश | २१ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

उन्हाळी फेलोशिपच्या अर्जात हेच लिही. 'मला पेशीशास्त्राची लहानपणापासून आवड आहे' हे वाक्य शेकडो अर्जांत असतं. मासेवाल्या मावशींचा बर्फ एकाही अर्जात नसेल.

लॅबना थेट ईमेलही पाठव. दहा ओळींच्या वर नको. पहिल्या दोन ओळींत तुझा प्रश्न, मग हे आकडे, मग त्यांच्या कुठल्या शोधनिबंधातलं काय वाचलंस ते. प्रत्येकाला वेगळा ईमेल, एकच मजकूर सगळ्यांना नको. उत्तर आलं नाही तर तीन आठवड्यांनी एकदा आठवण कर.

---

माईसाहेब | २१ नोव्हेंबर, दुपारी ३:००

रात्री दोनदा उठून बर्फ बदलला. बघा, हिचीही पाळण्यातली झाली.

---

कृष्णाकाठची | १७ जानेवारी, रात्री ९:०५

सव्वीस ईमेल पाठवले, तीन उत्तरं आली. दोघांनी जागा नाही म्हणून नम्रपणे कळवलं, त्यांतल्या एका मॅडमनी वाचायला दोन शोधनिबंध पाठवले. तिसरं उत्तर पुण्याहून. मे-जूनमध्ये ये म्हणालेत, आधी व्हिडिओवर बोलू. अकादमीच्या फेलोशिपचा निकाल अजून यायचाय. मे-जूनचं कळल्यावर बाबांनी पुण्यातल्या आत्याला फोन लावला, दोन महिने राहायचं नक्की झालं. एम.एस्सी. की इंटिग्रेटेड हे अजून ठरवलेलं नाही, पुण्याहून आल्यावर ठरवेन. जॅमचा अभ्यास मात्र सुरू केलाय, आणि कंपनीच्या क्यूसीचा अर्जही भरून ठेवणार आहे.

काल सरांशी बोलणं झालं. इंग्रजीची धास्ती होती, पण पाच मिनिटांनी तेच मराठीत बोलायला लागले. आकडे विचारले, नंबर टाकून मोजलं का ते विचारलं. तीनदा केलंय म्हटल्यावर वही दाखव म्हणाले, मी कॅमेऱ्यासमोर धरली. मग म्हणाले, बर्फातून काढून तोच कांदा परत कोमट पाण्यात ठेवला तर काय होईल? तंतू परत बनतील का? बनले तर विस्कटलेली गुणसूत्रं रांगेत येतील का, आणि किती वेळात?

मला उत्तर आलं नाही. खरंच माहीत नव्हतं. तसंच सांगितलं.

---

निवृत्त मास्तर | १७ जानेवारी, रात्री ९:२०

मग?

---

कृष्णाकाठची | १७ जानेवारी, रात्री ९:२२

कांदे पेल्यावर ठेवलेत, मुळं बोटभर आलीत. सकाळी सहाला मावशींकडे बर्फ उतरतो.